कोंबड्यांची सिक परेड

मी फौजेत नर्सिंग असिस्टंट होतो. डॉक्टर नव्हतो. हा फरक मी गावात पुष्कळदा सांगितला, पण कोणी मनावर घेतला नाही. हवालदार म्हणून निवृत्त होऊन सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या गावी आलो, आणि गावाच्या लेखी मिलिटरीतला डॉक्टर झालो.

नोकरीची बहुतेक वर्षे एमआय रूममध्ये गेली. एमआय रूम म्हणजे युनिटचा छोटा दवाखाना. सकाळी आजारी जवान तिथे रांगेत उभे राहत. त्याला आम्ही सिक परेड म्हणायचो. नाव, कंपनी, तक्रार, गोळी, पुढचा. मला ती रांग आवडायची. समोर रांग असली की आपल्या हातून काहीतरी होत आहे असे वाटते. गालगुंड किंवा कांजिण्यांचा जवान आला की त्याला रांगेतून काढून वेगळ्या खोलीत ठेवायचे, त्याची ताटवाटी वेगळी करायची, हेही मीच करत असे. ते मला माहीत होते, म्हणून लिहितो.

एक पोस्टिंग फार उंचावर होती. तिथे दत्ता नावाचा शिपाई माझ्याच जिल्ह्यातला, डोंगरकडा गावाकडचा. एका संध्याकाळी त्याच्या छातीत पाणी भरू लागले. मी ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिले, त्याला टेकून बसवले आणि रेडिओवर गेलो.

"हेली कब तक? ओव्हर."

"मौसम खराब. कल सुबह. ओव्हर."

"कल सुबह तक मुश्किल है. ओव्हर."

"रोजर. आउट."

सकाळी हेलिकॉप्टर आले. दत्ता तोवर गेला होता. त्याच्या श्वासाचा आवाज मात्र माझ्याकडे राहिला. ओल्या फडक्यातून हवा ओढावी तसा.

गेल्या हिवाळ्यात तो आवाज मला आमच्या अंगणात ऐकू आला. दिवेलागणीची वेळ होती. बायको, सुमन, कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकत होती.

"अहो, ही पिवळी बघा. तुमच्यावाणी घोरून राहिली."

मी कोंबडी उचलून छातीला कान लावला. नाकातून पाणी येत होते, डोळ्याच्या कोपऱ्यात फेस होता. दुसऱ्या दिवशी अडुळशाची पाने, तुळस आणि आले उकळून काढा केला. त्यात हळद घातली, लसूण वाटून घातला आणि सुई काढलेल्या सिरिंजने चोचीत थेंब थेंब सोडला. संध्याकाळी ओव्याची धुरी दिली. दोन-तीन दिवसांत पिवळी दाणे टिपू लागली. सुमनने ही बातमी पाण्याच्या टाकीवर सांगितली. एवढे पुरेसे होते.

सकाळी ओट्यासमोर बाया आल्या. प्रत्येकीच्या काखेत कोंबडी. मी काय केले असेल? त्यांना रांगेत उभे केले.

"फौजी भाऊ, ह्या कोंबड्याला सावधान म्हना," शांताबाई म्हणाली. "लई फडफड करून राहिला."

"तुझं तरी कोन ऐकतंय घरात, शांते? कोंबडा काहून ऐकंल?" मागून कोणीतरी म्हणाले. सगळ्या हसल्या. मीही हसलो. बऱ्याच वर्षांनी माझ्यासमोर परेड उभी होती.

रांगेतल्या बायांचे हात मोकळे राहावेत म्हणून मी एक मोठे डालगे मांडले. नंबर येईपर्यंत सगळ्यांच्या कोंबड्या त्याच्याखाली. मग एकेक बाहेर काढायची, फडक्याने डोळे पुसायचे, सिरिंजने काढा पाजायचा आणि पुढची घ्यायची. फडके एक, सिरिंज एक, काढ्याचे भांडे एक.

गयाबाई रांगेत नव्हती. ती नुसती बघायला आली होती. साठी ओलांडलेली बाई. मुलगा मेंढरे घेऊन फिरतीवर असतो. तिच्याकडच्या कोंबड्या पायापर्यंत काळ्या होत्या. लग्नात हट्ट्याहून, माहेराहून, तिने डालग्यात एक काळी तलंग आणली होती. तलंग म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोवळी कोंबडी. तिच्या पिल्लांची पिल्ले करत करत तिने तोच वाण एवढी वर्षे टिकवला होता. माहेरी आता कोणी उरले नव्हते. पाहुण्याने काळी कोंबडी मागितली की ती म्हणायची, "माह्या माहेराला कापता व्हय?"

मी विचारले, "मावशी, तुमच्या कशा आहेत?"

"झ्याक हायती. एकीला बी शिंक न्हाई."

"तरी घेऊन या सगळ्या. आधीच पाजलेलं बरं."

तिने जरा विचार केला. "तुमी म्हनता तं आनते." अंड्यावर बसलेली खुडूक तेवढी तिने घरी ठेवली. बाकीच्या सगळ्या दुसऱ्या दिवशी माझ्या डालग्याखाली आल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात रांग वाढत गेली. आधी मला त्याचा अभिमान वाटला. मग लक्षात आले की कोंबड्या बऱ्या होऊन जात नव्हत्या, नव्या येत होत्या. तोंडे सुजली. डोळे चिकटून बंद झाले. शांताबाईच्या कोंबड्याची बांग बसली. आमची पिवळी पुन्हा घोरू लागली आणि मेली. आणि एका सकाळी गयाबाई दोन काळ्या कोंबड्या पदराखाली घेऊन आली. मी त्या हातात घेण्याआधीच आवाज ओळखला.

मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना फोन केला. त्या स्कूटीवर आल्या. चार-पाच घरच्या कोंबड्या पाहिल्या आणि म्हणाल्या, "श्वासाचा जुनाट आजार आहे. एकीपासून दुसरीला लागतो. या सगळ्या एका जागी कधी आल्या होत्या का?"

"इथेच, मॅडम. रोज."

त्यांनी डालग्याकडे पाहिले, मग माझ्या हातातल्या सिरिंजकडे.

"काढ्याने घशाला बरं वाटतं," त्या म्हणाल्या. "जंतू मरत नाहीत. आणि हे एकच सगळ्यांना…"

"समजलं, मॅडम."

त्यांनी पाण्यात विरघळवायचे अँटिबायोटिक दिले. तेच पाणी ठेवायचे, दुसरे नाही. आजारी कोंबड्या वेगळ्या, प्रत्येक घराचे भांडे वेगळे. जवानांसाठी जे मी डोळे झाकून केले असते, ते कोंबड्यांच्या बाबतीत दुसऱ्याने येऊन सांगावे लागले.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या तेव्हा मी ओट्यावर उभा राहून सांगितले. परेड बंद. आजार माझ्या डालग्यातून तुमच्या घरी गेला. चूक माझी आहे.

शांताबाईने कोंबडा पुढे केला. म्हणाली, "आता माह्या कोंबड्याला आनलंच हाय तं पाजा की एवढं."

त्यांनी ऐकले होते, पण मानले नव्हते. गयाबाई म्हणाली, "जानून केलं काय तुमी? औषिद देलं. जाऊ द्या." तिने शिव्या दिल्या असत्या तर मला सोपे गेले असते.

मग मी घरोघर जाऊ लागलो. दर घरी साबणाने हात धुवायचे, त्यांचाच चमचा घ्यायचा. पण औषध पाण्यात होते, आणि जिला त्याची गरज होती ती पाण्याकडे जात नव्हती. कोपऱ्यात मान आत घेऊन बसायची. चमच्याने पाजले तर अर्धे बाहेर यायचे. काही घरच्या वाचल्या. शांताबाईचा कोंबडा वाचला, आवाज मात्र गेला. गयाबाईच्या एकामागून एक गेल्या.

शेवटी खुडूक उरली. ती माझ्या डालग्याखाली कधी आली नव्हती. पण तिथून परत गेलेल्या तिच्याच घरात राहत होत्या. ती अंड्यांवरून उठेना. पाणी चोचीशी धरले तरी तोंड फिरवायची. तिचे पंख श्वासाबरोबर वर उचलले जायचे. मी तिच्याजवळ बसून राहिलो. दुसरे करण्यासारखे काही नव्हते. दुपारी ती बसल्या जागीच मेली.

गयाबाईने तिला उचलले आणि खाली हात घातला.

"अंडी ऊन हायती आजून," ती म्हणाली. "वाणी गल्लीतल्या कमळीची खुडूक बसून राहिली. तिच्या खाली ठेवू का? तिच्या घरी न्हाई आलं काई."

मी अंगणात जाऊन फोन लावला.

"मॅडम, अंडी दुसरीखाली ठेवली तर चालतील?"

"आजारी कोंबडीची?"

"हो."

"नको. हा आजार अंड्यातून पिल्लात उतरू शकतो. ज्या घरी ठेवाल तिथल्याही जातील."

"दुसरं काही?"

"घरी करण्यासारखं नाही हो."

"रोजर," मी म्हणालो. तोंडातून तेच निघाले.

आत येऊन गयाबाईला सांगितले. ती अंड्यांवर हात ठेवून बसली होती. बराच वेळ तिने हात काढला नाही. मग म्हणाली, "तुमी म्हनता तं बराबरच असंल."

सगळ्या काळ्या घेऊन या, असे मी म्हणालो होतो, तेव्हाही ती असेच म्हणाली होती.

गोठ्यामागे मी खोल खड्डा खणला आणि चुना टाकला. युनिटमध्ये जवान गेला की आम्ही सावधानमध्ये उभे राहायचो, आणि त्याचा नंबर, रँक आणि नाव वाचले जायचे. इथे वाचायला माझ्याकडे काही नव्हते. गयाबाई आपणहून बोलू लागली. हट्ट्याहून आणलेली ती मोरी. मोरीची कावळी. कावळीची सासू, सगळ्यांना टोचायची म्हणून सासू. सासूची बुटकी. बुटकीची ही.

"हिचं नाव?" मी विचारले.

"ठेवलंच न्हाई. म्हनलं, पिल्लं निघाल्यावर ठेवू."

कोंबडी आधी ठेवली. मग गयाबाई पदरात धरलेले एकेक अंडे माझ्या हातात देत गेली आणि मी वाकून खाली ठेवत गेलो. शेवटचे ठेवले तेव्हाही ते ऊनच होते.