भावाचं घर धरणाच्या बांधात

तेव्हा मी तरुण होते, म्हणजे नुकतीच साठी ओलांडली होती. गुडघे दुखत नव्हते, त्यामुळं अक्कल वापरायची गरज पडत नसे.

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि शिराळ्याकडच्या आमच्या उताराच्या रानात त्यांनी ओढ्यावर मातीचा बांध घातला. तळं एवढंसंच, पण हे त्याला धरण म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणायचो. रोज सकाळी काठी घेऊन पाहणी. पायथ्याला पाझरणारं पाणी स्वच्छ आहे की गढूळ, जादा पाणी जायच्या सांडव्यात कचरा अडकलाय का, असं सगळं. बांधावर बाभळीचं बोटभर रोप दिसलं तरी शत्रू घुसल्यासारखं उपटायचे. मुळं कुजली की पाण्याला वाट मिळते म्हणे. एवढं लक्ष त्यांनी नव्या नवरीकडंसुद्धा दिलं नव्हतं.

बांधाखाली आमची हळद आणि तिच्या पलीकडं दिराचं घर. "धरण फुटलं तर पाणी आदी माज्या चुलीत येणार," हे धाकटी जाऊ मला दर पावसाळ्यात ऐकवायची.

त्या वर्षी बांधाच्या माथ्याला वारूळ आलं आणि त्याच्या बुडाशी एक बीळ पडलं. हे फावडं घेऊन निघाले, तशी मी आडवी आले.

"आवं, नागोबाचं घर हाय ते! पंचमी तोंडावर आलीया. भाऊ हाय माजा."

"मग भावाला सांग, दुसरीकडं ऱ्हा. हितं पोस्टिंग न्हाई."

"मेव्हण्याला असं बोलत्यात व्हय?"

आमच्याकडं बाई नागाला भाऊ मानते. सख्खा भाऊ वाटणीला भांडतो, हा बिचारा लाह्यांवर खूष. शेवटी हे हरले. मी मात्र तेवढ्यावर थांबले नाही. रोज संध्याकाळी बिळाशी मूठभर शेंगदाणे ठेवू लागले. सकाळी दाणे गायब! "भाऊ जेवतो हो माझा," असं मी वाडीभर सांगत सुटले. नाग शेंगदाणे खात नाही एवढं तरी कळायला हवं होतं. पण म्हटलं ना, तरुण होते.

पंचमीला तळं काठोकाठ भरलेलं. जाऊ आणि वाडीतल्या चार बायकांना घेऊन मी बांधावर गेले. हळदकुंकू वाहून बिळात तांब्याभर दूध ओतलं. गटागट आत गेलं. दुसरा तांब्याही गेला.

"लय तान लागलीया भावाला," मी कौतुकानं म्हणाले.

तेवढ्यात उताराकडं उभी असलेली जाऊ ओरडली, "आक्का, खाली बगा! भाऊ दूध वकतोय!"

बांधाच्या कोरड्या अंगाला, पुरुषभर खाली, दुसऱ्या एका बिळातून दूध बाहेर येत होतं. बायकांनी हात जोडले. एकीनं तर प्रसादाला वाटी लावली. आणि त्या बिळातून भाऊ बाहेर आला. मांजराएवढी घूस, माझ्या शेंगदाण्यांवर पोसलेली, दुधानं न्हालेली! वाटी उडवून ती हळदीत पळाली आणि बायका चारी दिशांना.

आमचा गलका ऐकून हे आले, खालच्या बिळाशी वाकले आणि त्यांचा चेहराच बदलला. दूध संपून आता पाण्याची धार लागली होती. गढूळ.

"आतली माती धुऊन चाललीया. भोक वाढलं की बांध गेला."

जाऊचं हसू तिथंच विरलं. तिची लेक तान्हं घेऊन पंचमीला आली होती, ती खालच्या घरात. जाऊ पळतच गेली आणि लेकीला, नातवाला वर आमच्या घरी बसवून आली.

"फावडं आणा," हे म्हणाले. पळालेल्या बायका परतल्या होत्या, पण कुणी हलेना. पंचमीला कापत नाहीत, तळत नाहीत, आणि खणत तर मुळीच नाहीत. हलत नव्हत्या त्यांत पहिली मी.

यांनी माझ्याकडं असं बघितलं, की माझं डोकं चालायला लागलं. "उन्हाळ्यात तळ्यातनं काढलेल्या गाळाचा ढीग हाय की. खणायचं कशाला? भरायचं."

"आन ठोकायचं कशानं?"

"फुगडीला बंदी हाय व्हय पंचमीला?"

यांनी बांधाच्या तळातून ओढ्यात काढलेल्या नळाचा व्हॉल्व्ह उघडून तळ्याचं पाणी सोडून दिलं. खालच्या तोंडावर वाळू आणि वर खडी घातली, पाणी येऊ दे पण माती नको म्हणून. आम्ही पाट्यांनी गाळ आणून वरच्या बिळात कोंबला आणि जाऊचे हात धरून मी त्यावर फुगडी घातली. वारूळही त्यातच सपाट झालं. "जोरात! डाव्या अंगाला सरका!" हे खालून ओरडत होते. बायकांना नाचायचा हुकूम सोडणारा फौजी वाडीनं पहिल्यांदाच पाहिला.

चार वाजता पाणी निवळलं. यांनी ओंजळीत घेऊन जाऊला दाखवलं. "आता भ्या न्हाई. उद्या सगळं उकरून नीट भरू."

जाऊनं पाण्याकडं नाही, माझ्याकडं बघितलं. "आक्का, मी दिंडं केल्यात. तुमी माज्या घरात बसून खावा. मग मी लेकीला घरी न्हेते."

गेले. पुरणाची दिंडं चांगली झाली होती म्हणतात. मला चव आठवत नाही. मी उंबऱ्याला टेकून, बांधाकडं तोंड करून, पदर खोचून बसले होते. जाऊ मात्र मुद्दाम सावकाश वाढत होती.

"आक्का, आनखी एक?"