ढमीचं पिल्लू

मत्स्यालयात सगळे तिला मावशी म्हणत. पाकट माशांची उघडी टाकी तिच्याकडे होती. हे पाकट गाईच्या नाकाडासारख्या तोंडाचे, पंख हलवत उडाल्यासारखे पोहणारे. त्यातली ढमी पोटुशी होती. मावशी तिला ‘गाभण’च म्हणे. या जातीत वर्षभर वाट पाहावी तेव्हा कुठे एक पिल्लू होतं, म्हणून मावशीच्या जिवाला घोर लागला होता.

शेजारच्या दालनात याच कुळातल्या नामशेष जातींचे दात काचेखाली मांडले होते, फरशीसारखे एकमेकांत बसलेले. ती काच पुसताना मावशी एकदा म्हणाली, “कुळंच्या कुळं गेली आणि राहिलं काय, तर दात!”

“अंगात हाडच नाही ना, सगळी कूर्चा,” मत्स्यालयाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ती कुजून जाते.”

तेव्हापासून मावशीला त्या काचेकडे बघवत नसे.

एका सकाळी ढमीने शिंपल्यांना तोंड लावलं नाही. मावशीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“निघालेच. तोवर हात लावू नका तिला.”

मावशी काठावरून हलली नाही. दुपारी आधी शेपटी दिसली, मग पंख अंगाभोवती गुंडाळलेलं पिल्लू सुटलं आणि तळाशी जाऊन पडलं. हलेचना. तेवढ्यात टाकीतले नर जुगायला ढमीच्या मागे लागले. त्यांच्या धक्क्यांनी पिल्लू पाणी ओढणाऱ्या जाळीकडे सरकायला लागलं. पंप बंद करायचा तो मिस्त्रींनीच, असा नियम. मिस्त्री गच्चीवर. मावशीने बटण दाबलं आणि कपड्यांनिशी पाण्यात उतरली. काठावरची एक फळी आडवी धरून तिने नरांना थोपवलं.

“हल की गं बाई!”

पंखाची एक कड उलगडली. मग दुसरी.

मिस्त्री धावत आले. “पंप कोणी बंद केला? सगळे मासे गुदमरले असते!”

“मलाही तीच धास्ती होती,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी आल्या आल्या पिल्लू वेगळ्या टाकीत हलवलं आणि पंप सुरू झाला. ढमी दुसऱ्याच दिवशी खायला लागली. पिल्लू मात्र काही केल्या खाईना. मावशी कोळंबीचे बारीक तुकडे टाकायची आणि संध्याकाळी तसेच काढायची. घरी तिच्याही घशाखाली घास उतरेना.

अखेर एकदा पिल्लू पोटाकडचं तोंड टेकवून तुकड्यावर बसलं आणि उठलं तेव्हा खाली काही नव्हतं. मावशी ओल्या फरशीवरच मटकन बसली.

“खाल्लं हो!” ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, आणि लगेच, “पण एवढंसं पुरेल का त्याला?”