मेणात बुचकळलेली काडतुसं

आमच्या सासऱ्यांना कुणी शहाणपण शिकवलेलं खपायचं नाही, आणि सुनेनं तर नाहीच. लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्यांच्याशी पदर सावरून, दाराआडूनच बोलायचे.

राजुरीत तेव्हा उसात बिबट्यांचा नुसता सुळसुळाट. तोडणी होत जाते तसं जनावर उरलेल्या तुकड्यात दबून बसतं. म्हणून शेवटच्या तुकड्यात शिरण्याआधी हवेत एक बार काढायचा, म्हणजे ते निघून जातं, अशी रीत पडली होती. सासऱ्यांकडं राखणीची एकनळी बंदूक होती. आवाजापुरती काडतुसं ते जुन्या पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत घरीच भरायचे. पावसाळ्यात ती सादळून फुगायची, म्हणून त्या वर्षी त्यांनी ती वितळलेल्या मेणात बुचकळून काढली. तीही माझ्या दुधाच्या पातेल्यात. पातेलं गेलं ते गेलंच.

त्या दिवशी मी भाकरीचं टोपलं घेऊन शेतात गेले, तर ट्रक अर्धा रिकामा आणि कोयते जमिनीवर. तोडकऱ्यांचा मुकादम म्हणत होता, "आवाज झाल्याबिगर बायामान्सं आत जानार न्हाईत, भाऊ." मामंजींच्या हातात बंदूक मधोमध वाकवून उघडलेली. काडतूस अर्धं नळीत, अर्धं बाहेर. पुढं जाईना, मागं येईना.

"नळीत घाण बसली आसंल," ते पुटपुटले. सगळे बघतायत म्हणून कानशिलं लाल झालेली. अंगठ्यानं दाबून बघितलं, आणि एकदम वाकून दगडच उचलला.

 काडतुसाच्या बुडाला टोपी असते, तिच्यावर ठोका बसला की बार उडतो. उघड्या बंदुकीत उडाला तर सगळं मागं, हातावर आणि तोंडावर. हे मला त्यांनीच सांगितलेलं. काडतुसांचा डबा जरा जोरात ठेवला तरी 'बूड आपटू नका' म्हणून खेकसायचे. पण रागाच्या भरात माणसाला स्वतःचंच बोलणं आठवत नाही.

दगड वर गेला आणि टोपलं टाकून मी त्यांचं मनगट धरलं, दोन्ही हातांनी.

"मामंजी, बूड हाय ते," मी म्हणाले. "हात जाईल तुमचा."

 सुनेनं सासऱ्याला धरलेलं, तेही चारचौघांत. माझा पदर खांद्यावर आलेला. आता मुस्काटात बसणार असं वाटलं, पण मी मेले तरी सोडणार नव्हते. बऱ्याच वेळानं त्यांच्या मुठीतून दगड पडला.

मग कडा नखात धरून त्यांनी काडतूस हळूहळू बाहेर घेतलं. मी म्हटलं, डब्यातलं मागच्या वर्षीचं बिनमेणाचं रिकामं नळकांडं घालून बघा. ते अलगद आत गेलं. म्हणजे बंदुकीत काही खोट नव्हती. भरलेलं उन्हात धरलं तर अंगावर मेणाचा हा जाड थर.

"माझं पातेलं उगंच घालवलं," मी बोलून गेले.

 त्यांनी बांधावर बसून नखानं मेण खरवडलं, काडतूस सरकवलं आणि बार काढला. पलीकडं पाचट सळसळलं, एक पिवळं अंग बांध ओलांडून गेलं. कोयते सुरू झाले.

जेवायला मी नेहमीसारखं ताट ठेवून मागं सरले. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उजवा हात पुढं केला. दगड उचलला होता तोच.

"यावरच दे, पोरी," म्हणाले.

मी भाकरी त्या हातावर ठेवली.