खांद्याला लावलेली थापी

रहेमान मिस्त्री गच्चीवर कधी चपला घालून चढला नाही. शिडीशी चपला काढायचा, पायजमा पोटरीपर्यंत दुमडायचा, डोक्याचा रुमाल नीट करायचा आणि मगच पहिल्या पायरीवर पाय ठेवायचा. जन्मभर चुन्यात वावरल्याने त्याच्या टाचांना खोल भेगा पडल्या होत्या. मी त्याला एकदा जोडे वापरायला सुचवले, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, जोड्याले काय समजते?"

घाटंजीत आणि भोवतालच्या खेड्यांत चुन्याच्या बऱ्याच गच्च्या त्याच्या हातच्या होत्या. त्या काळी सिमेंट आमच्याकडे फारसे आले नव्हते. सागाच्या कड्या टाकायच्या, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर विटांचे तुकडे, विटांचीच भुकटी म्हणजे सुरखी आणि घाणीत बैलाकडून मळून घेतलेला चुना यांचा वीतभर थर. हा थर बायका लाकडी थापीने बडवून चार बोटांवर आणत. थापी हातभर लांब, चपटी, तिवसाच्या लाकडाची. तिची मूठ जरा वर उचललेली असे, म्हणजे बोटे चुन्यावर ठेचत नाहीत. मिस्त्री थाप्या स्वतः तासून घ्यायचा आणि ज्या बाईची जी थापी, ती दुसरीला देत नसे.

दहाबारा बायका उकिडव्या बसून एका ओळीत थापी हाणत आणि हळूहळू मागे सरकत. वरून गूळ आणि बेलफळाचा गर भिजवलेले पाणी शिंपडायचे. हे पाचसहा दिवस चाले. एकदा थर ओला टाकला की काम सोडता येत नाही, भाकरसुद्धा पाळीपाळीने खायची. पहिल्या दिवशी थापीचा आवाज भद भद येतो. मग तो आवळत जातो, आणि शेवटी थापी दगडावर पडल्यासारखी टणकते. मिस्त्री म्हणायचा, "बोलली." गच्ची बोलली की बडवणे थांबवून वरून चुन्याचा हात फिरवायचा. त्याआधी हात फिरवला तर पोट कच्चे राहते आणि पावसाळ्यात पाणी पिते. गच्ची पिकली की नाही हे ओळखायला दुसरे कसलेही साधन नव्हते. ओळंबा, पाणसळ, सुतळी सगळे त्याच्या पिशवीत असे, पण ते उतार आणि भिंतीसाठी. पिकणे फक्त कानाने कळायचे.

आणि मिस्त्रीचे कान गेले होते.

हे मला पुष्कळ उशिरा कळले. सगळ्यांत आधी ते कळले कौसल्येला. ती थापी मारणाऱ्या ओळीची पुढारीण होती, चाळिशीची, अंगाने किरकोळ, आवाजाने खणखणीत. गाणे तीच सांगायची आणि बाकीच्या उचलायच्या, कारण गाण्यावाचून दहा हात एका ठेक्यात पडत नाहीत. छप्पन साली तिच्या घरच्यांनी दीक्षा घेतली, तशी देवीची जुनी गाणी तिने सोडली. एक वर्ष ओळ मुकी बसली. मग तिने स्वतःच नवी गाणी बांधली, शाळेची, वहीची, बाबासाहेबांची. ओळीतल्या मुसलमान बायकाही ती म्हणायच्या आणि तांड्यावरची मानीबाई आपल्या बोलीत त्यांना शेपूट जोडायची, ते ऐकून सगळ्या हसायच्या.

सत्तावन साली एका घराच्या गच्चीवर विटांची टोपली घसरली. कौसल्या दोनदा ओरडली, "चाचा, सरका!" मिस्त्री जागचा हलला नाही. टोपली त्याच्या पायाशी येऊन पडली तेव्हा तो दचकला. त्याने कौसल्येकडे पाहिले, कौसल्येने त्याच्याकडे पाहिले, आणि ती पुन्हा थापीला बसली. दुसऱ्या दिवशी मिस्त्री नेहमीप्रमाणे काठी टेकत, मान एका बाजूला कलती करून, ऐकल्यासारखे करत ओळीसमोरून गेला. कौसल्येसमोरचा थर पिकला होता. तिने थापी उचलून खांद्याला लावली, जणू दम खाते आहे, आणि त्याच्याकडे पाहून पापणी लववली. तो पुढे जाऊन म्हणाला, "बोलली."

पुढे दोन वर्षे असेच चालले. मिस्त्री सगळी गच्ची काठीने ठोकत फिरायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून कौसल्येची थापी पाहायचा. बहिऱ्या मिस्त्रीला गच्ची कोण देणार? तो विधुर होता, मुलगी पांढरकवड्याला दिलेली, घरी त्याच्या ऐकण्या-न ऐकण्याची चौकशी करणारे कोणी नव्हते. काम गेले असते तर त्याच्यापाशी मिस्त्री हे नावही उरले नसते. हे कौसल्येला न सांगता समजले होते.

एकोणसाठ साली आमच्या शाळेला दोन खोल्या मिळाल्या. देखरेख माझ्याकडे दिली होती. भाद्रपद संपता संपता थर टाकायचे ठरले होते, पण पाऊस हटेना. चुना भिजून, मळून तयार होता, तो फार ठेवता येत नाही. शेवटी आकाश उघडले आणि मिस्त्रीने दुसऱ्याच दिवशी थर टाकला. घाईत त्याने दिवस मोजले ते चुन्याचे. दसरा तिसऱ्याच दिवशी येतो हे त्याच्या ध्यानात आले नाही.

दसऱ्याला कौसल्या नागपूरला जायची. दीक्षा घेतल्यापासून तिने एकही वर्ष चुकवले नव्हते. यवतमाळपर्यंत मोटार, तिथून पुढे दुसरी, जाऊन-येऊन दोन दिवस. गाठोडे बांधून झालेले असताना ती आदल्या संध्याकाळी गच्चीवर आली. मिस्त्री पाणी शिंपडत होता. ती त्याच्या तोंडासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने विचारले, "चाचा, मी थांबू का?"

मिस्त्रीने कळशी खाली ठेवली. "कायले थांबतं?" तो म्हणाला. "तुहा सण हाये. जाय."

"पण मंग तुमचं?"

"माहं काय? मी का आज मिस्त्री झालो?"

हे बोलणे मी शिडीशी उभा राहून ऐकले होते. मला ते तेव्हा साधेच वाटले.

कौसल्या गेली. तिच्याबरोबर ओळीतल्या आणखी दोघी गेल्या. मानीबाई पुढे बसली. कौसल्येची गाणी तिला अर्धीमुर्धी येत. ती मध्येच अडली की ओळ हसायची आणि हात मागेपुढे पडायचे. शाळेला सुट्टी होती, पण देखरेखीसाठी खाली नव्या खोलीत बसून मला तो तुटका ठेका ऐकू येत होता. वर उभ्या असलेल्या माणसाला तो ऐकू येत नव्हता. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी तिसरीच्या वर्गावरच्या कोपऱ्यात बसलेल्या मानीबाईने थापी खांद्याला लावली आणि दुसऱ्या हाताने ओढणी सावरली. मिस्त्रीने पाहिले, काठी आपटली, मान हलवली आणि म्हणाला, "बोलली." चुन्याचा हात फिरवला गेला. तिसऱ्या दिवशी कौसल्या आली तेव्हा त्या कोपऱ्यावर ओले पोते अंथरलेले होते. तिला पोते उचलून पाहावेसे वाटले होते, असे ती मला नंतर म्हणाली. पण चाचाच्या कामावर पोते उचलून पाहणे तिला बरे वाटले नाही.

पुढच्या आषाढात तिसरीचा वर्ग गळू लागला. आधी एक थेंब, मग कडीच्या कडेने धार. मुलींच्या पाट्यांवरचे अक्षर पुसले जाई. मी वर्ग ओसरीत हलवला. शाळा समितीचे पंजाबराव पाहायला आले. पंजाबराव वाईट माणूस नव्हता. बोलायला फटकळ, पण शाळेसाठी उन्हातान्हात पायपीट करणारा. त्याने मिस्त्रीला बोलावणे धाडले. कौसल्येला कोणी बोलावले नव्हते, तरी ती आली.

आम्ही वर गेलो. मिस्त्री त्या कोपऱ्यावर वाकून बोटाने चुना खरवडत होता. पंजाबराव त्याच्या पाठीमागे उभा राहून विचारू लागला की हे काय झाले, असे पूर्वी कधी झाले नव्हते, चुन्यात माती होती की काय. मिस्त्री खरवडतच राहिला. पंजाबरावाने पुन्हा विचारले, जरा चढ्या आवाजात. मग तो माझ्याकडे वळला. "गुरुजी, हा तर ऐकूनच नाही राह्यला."

कौसल्या झटकन पुढे झाली. "भाऊ, चूक माही हाये. पाणी म्याच जास्त टाकलं तथी. चाचानं मना केलतं, म्या आयकलं नाही."

ती ज्या दिवशी गावात नव्हती त्या दिवसाची चूक ती अंगावर घेत होती. मला ते ठाऊक होते आणि मी गप्प राहिलो. ती सुटावी की मिस्त्री सुटावा हे मला ठरवता आले नाही.

मिस्त्रीला पायाखाली हालचाल जाणवली असावी. तो वळला. कौसल्येचे ओठ हलत होते ते त्याने पाहिले आणि तो उठून उभा राहिला.

"बाई खोटं बोलून राह्यली," तो म्हणाला. त्याचा आवाज गरजेपेक्षा मोठा होता. "हे गावातच नोहोती. माहे कान गेले, पंजाबराव. तीन वर्सं झाली. हे थापी खांद्याले लावे, तवा मले समजे. त्या दिवशी मानीबाईनं लावली. मानीबाईले ते ठाव नाही, हे मले ठाव होतं. तरी मले वाटलं, झालं."

कौसल्या पदर तोंडाला लावून खाली बसली. पंजाबराव काही वेळ आपल्या टोपीची घडी चाचपत उभा राहिला, मग शिडी उतरून गेला.

पाऊस सरल्यावर मिस्त्रीने तो कोपरा उकरला आणि नवा थर टाकला. बडवायला कौसल्या आणि तो, दोघेच. चौथ्या दिवशी मी वर गेलो तर मिस्त्री ओल्या थराच्या कडेला पोटावर निजला होता. काठीचे एक टोक गच्चीवर टेकलेले, दुसरे दातांत घट्ट धरलेले. कौसल्या थापी हाणत होती. मी घाबरलो. कौसल्येने हाताने खूण केली, थांबा. बऱ्याच वेळाने मिस्त्रीने काठी दातांतून सोडली आणि माझ्याकडे पाहिले. त्याच्या ओठांना चुना लागला होता.

"दातानं ऐकू येते, गुरुजी," तो म्हणाला. "डोक्यात वाजते. घरी घाणीच्या दगडावर करून पाह्यलं होतं मी, पहिल्याच साली."

मी त्याच्या समोर बसून विचारले, की मग इतके दिवस असे का केले नाही.

"साऱ्यायसमोर पोटावर निजून काठी चावू?" तो म्हणाला. "लोक काय म्हणतीन, मिस्त्री हाये का कुत्रं?"

तो कोपरा पुढे कधी गळला नाही. पण समितीने तिसऱ्या खोलीसाठी सिमेंटचा स्लॅब ठरवला. मिस्त्रीला ते सांगायचे काम पंजाबरावाने माझ्यावर टाकले. त्याला लिहिलेले वाचता येत नसे, म्हणून मला त्याच्या तोंडासमोर बसून एकेक शब्द सुटा करून बोलावे लागले. स्लॅब. सिमेंट. यवतमाळचा ठेकेदार. असे बोलताना माणसाला आपले शब्द फार ओबडधोबड वाटतात. तो माझ्या ओठांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "बराबर हाये."

त्यानंतर त्याला गच्ची मिळाली नाही. गाव लहान, गोष्ट घरोघरी गेली होती. त्याने थाप्या जिची तिला वाटून टाकल्या. बायकांनी त्या नदीवर कपडे बडवायला नेल्या, आणि त्यात काही चूक नव्हती. घाणीचा बैल गेला, मग घाणीही मोडली. चुना मात्र त्याने सोडला नाही. आठवड्याच्या बाजारात तो पानाचा चुना विकायला बसू लागला. लहान डब्या, समोर केळीच्या पानावर पांढरेशुभ्र गोळे. चुना इतका तलम की खेड्यांतली म्हातारी माणसे मुद्दाम त्याच्याकडे यायची. त्यांना तो मिस्त्री होता हे ठाऊक नसे. ती त्याला चुनेवाला म्हणायची, आणि ते त्याला ऐकू येत नसे.

कौसल्या रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडायला जाऊ लागली. बाजाराच्या दिवशी ती त्याच्यापाशी थोडी टेकायची. नागपूरला जाणे मात्र तिने सोडले होते. साठचा दसरा गेला, एकसष्टचा गेला.

पासष्ट सालच्या थंडीत मिस्त्री वारला. मुलगी पांढरकवड्याहून आली, दोन दिवस राहून गेली. पुढे काही दिवसांनी कौसल्या माझ्या घरी आली. तिच्या नातीचे नाव शाळेत घालायचे होते. ते लिहून झाल्यावरही ती उठेना. मग म्हणाली की बासष्टच्या दसऱ्याच्या आधी एका बाजारात तिने चाचाला विचारून टाकले होते. समोर बसून विचारले होते, की मी त्या साली गेली नसती तर तुमची गच्ची राहिली असती ना?

"काय म्हणाला?" मी विचारले.

"म्हणे, जाणं तुहं काम होतं. सांगणं माहं काम होतं. तू तुहं केलं, म्या माहं नाही केलं. म्हणे, ह्या साली मोटारीत बसली नाही तर माह्या दुकानापाशी येऊ नोको."

त्या वर्षी ती गेली होती.

हे सांगताना ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "चाचाले आपला आवाज समजत नसे ना गुरुजी. लय मोठ्यानं बोलले. साऱ्या बाजारानं आयकलं."