पर्वतीवरचा वाद आणि मामांचा पंप

माझे मामा नारायण पेठेत राहत. निवृत्त शिक्षक. पहाटे इमारतीच्या गच्चीवर ते फुकट प्राणायाम शिकवत. तरुणपणी ओढलेल्या सिगारेटी त्यांनी कधीच सोडल्या होत्या. फुप्फुसं मात्र त्या विसरली नव्हती. तरी रोज ते मित्रांबरोबर पर्वती चढत. थांबत थांबत का होईना, पोचत. अडचण पोचल्यावरची होती. वर कठड्यावर रोजचा वाद रंगे आणि मामांना धाप लागल्यामुळे बोलता येत नसे. परिणामी एका निवृत्त बँक मॅनेजरांची मतं बिनविरोध मंजूर होऊ लागली. मामांना आजारापेक्षा हे जास्त लागलं.

छातीच्या डॉक्टर बाईंनी श्वासातून रोज घ्यायच्या औषधाचा पंप दिला होता. बरेच दिवस घेऊनही फरक नाही, म्हणून मामांनी तो निकामी ठरवला. शिवाय पंपाची सवय लागते, असं शेजारी सांगत. औषध बंद करत असल्याचं कळवायला ते दवाखान्यात निघाले. मी वर्तमानपत्रात होतो. दुसरी बाजू ऐकायच्या सवयीने सोबत गेलो.

बाईंनी तक्रार शांतपणे ऐकली आणि पंप घेऊन दाखवायला सांगितलं. मामा ताठ बसले. अंगठ्याने एक नाकपुडी बंद केली, दुसरीला पंप लावून दाबला. सकाळी उजवी, संध्याकाळी डावी, असा खुलासाही केला. श्वास नाकाने घ्यायचा, तोंड जेवायला असतं, हे ते गच्चीवर शिकवतच होते.

"छान," बाई म्हणाल्या. "आजार नाकाला असता तर आराम पडला असता."

मग त्यांनी रीत सांगितली. आधी श्वास पूर्ण सोडायचा. पंप ओठांत घट्ट धरायचा, दाबताना तोंडाने सावकाश आत ओढायचं, जमेल तितका वेळ रोखायचं.

"म्हणजे रेचक, पूरक, कुंभक," मामा म्हणाले. "मग आधी तसं सांगायचं."

सवयीचं त्यांनी विचारलंच. "चष्म्याची लागते तशी," बाई म्हणाल्या. औषध थेट फुप्फुसात जातं, म्हणून थोडं पुरतं. मात्र नंतर गुळण्या करायच्या, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते. फुप्फुसं नवी होणार नाहीत, धाप कमी होईल, हेही त्यांनी स्पष्ट केलं.

काही आठवड्यांनी मी त्यांच्याबरोबर पर्वतीवर गेलो. मामा शेवटीच पोचले. त्यांच्या जागेवर मॅनेजर बसले होते. ते जरासे सरकले.

"या गुरुजी. जागा गरम करून ठेवलीय."

मामा बसले. सगळे त्यांची धाप ओसरायची वाट पाहू लागले. ती नेहमीपेक्षा लवकर ओसरली.

"काल आपण पाणीपट्टीबद्दल जे बोललात," मामा म्हणाले, "ते साफ चूक आहे."

उन्हं वर आली तरी कोणी खाली उतरलं नाही. मॅनेजरांना मध्ये बोलायला जागाच मिळाली नाही.