पिसांची माशी

हा किस्सा मी अजून कुणाला शेवटपर्यंत सांगू शकलेलो नाही. मध्येच मला हसू तरी येतं, नाहीतर मी उठून तरी जातो. आज तुम्ही आहात, चहा आहे, तर सांगूनच टाकतो. माझ्या मूर्खपणाच्या गोष्टींत ही पहिल्या नंबरची आहे, आणि स्पर्धा तगडी आहे बरं का.

विन्या पेंडसे माझा मित्र. पुण्यात एका ऑफिसात होतो, मग मागेपुढे सिडनीत आलो आणि केलीव्हिलमध्ये एकाच गल्लीत घरं घेतली. इथं येऊन मी काय केलं? बागेत कढीपत्ता लावला. विन्यानं फ्लाय फिशिंग सुरू केलं.

म्हणजे काय, तर पिसं आणि दोरा गुंडाळून गळावर खोटी माशी तयार करायची. मग गाडी हाणत थेट स्नोई माउंटन्समधल्या नद्यांवर जायचं, बर्फ वितळून आलेल्या पाण्यात कमरेपर्यंत उभं राहायचं आणि ती माशी चाबकासारखी फिरवून ट्राउट माशाच्या नाकासमोर टाकायची. तेही तळ्यात पाळलेले ट्राउट नव्हेत, नदीत वाढलेले रानटी. महाबिलंदर जात! बरं, एवढं करून मासा लागला तर? सोडून द्यायचा. विन्यानं आयुष्यात एक मासा घरी आणला नाही. मी म्हणायचो, हे म्हणजे मंडईत जाऊन हापूस हुंगायचा आणि परत पेटीत ठेवायचा. तो म्हणायचा, "एकदा चल तर. काही करू नकोस, नुसता शेजारी बस." मला थंडी सोसत नाही. त्यामुळे ते राहूनच गेलं.

इथल्या हिवाळ्यात, म्हणजे जूनपासून, त्या नद्या मासेमारीला बंद असतात, ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला उघडतात. विन्या ऑगस्टच्या शेवटी गेला. नव्या सीझनच्या माशा बांधत बसला होता. मेधा, त्याची बायको, चहा घेऊन गेली तर त्याची मान टेबलावर टेकलेली होती.

दहाव्याचं सगळं सईनं केलं. सई त्यांची मुलगी, युनिव्हर्सिटीत शिकते. गुरुजी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. बॅकयार्डच्या कुंपणाजवळ पिंड ठेवला आणि आम्ही हात जोडून कावळ्याची वाट बघत उभे राहिलो. कावळा शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचं काही मागे राहिलं नाही. आता इथले कावळे एरवी कचऱ्याच्या बिनमधला पिझ्झा पळवतात, पण त्या दिवशी छपरावर बसून लहान मूल रडावं तसे ओरडत राहिले आणि खाली कोणी उतरलं नाही. एक मॅगपाय आला, तो माझ्या टकलावर चोच मारून गेला. त्या पक्ष्यांचे अंडी घालायचे दिवस ना, जवळ दिसेल त्याला टोचतात! मग एक पांढरा कॉकटू, म्हणजे काकाकुवा, आला आणि निम्मा पिंड खाऊन गेला. मी आशेनं फोनकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, कॉकटू शास्त्रात बसत नाही.

शेवटी वेंटवर्थव्हिलच्या भारतीय दुकानातून आणलेल्या दर्भाचा कावळा केला आणि तो शिवला असं मानलं. मेधाला मात्र ते पटलं नाही. ती जेमतेम दोन घास खायची, रडली तर एकदाही नाही. नुसतं म्हणायची, त्याचं काहीतरी राहिलंय, सुहास.

आणि इथं मी तोंड उघडलं. कुणी विचारलं होतं का मला? म्हटलं, अगं राहिलं असेल तर मासेच राहिलेत. सीझन उघडला की त्यानं शेवटची बांधलेली माशी नदीत टाकू. ट्राउट शिवला की कावळा शिवला. गवताचा कावळा चालतो, तर पिसांच्या माशीला काय हरकत आहे? मी आपलं धीर द्यायला बोललो हो! मेधानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि उठून मोटेलला फोन लावला.

मी कल्पना करत होतो की माशी सई टाकेल, लहानपणी ती बाबाबरोबर जायची. नदीवर तिनं त्याची गळाची काठी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "आय कान्ट, काका," ती म्हणाली. मेधा म्हणाली, तू त्याचा मित्र, तूच टाक.

झालं! मासा ताटातसुद्धा न बघितलेला मी, विन्याचे वेडर्स घालून नदीत उतरलो. वेडर्स म्हणजे खांद्यावर पट्टे असलेली रबरी तुमान. विन्या सहा फुटी, त्यामुळे त्याच्या छातीपर्यंत येणारी ती तुमान माझ्या गळ्यापर्यंत आली. खिशात हात घातला तर अर्धी शेंगदाण्याची चिक्की, प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेली. उरलेली अर्धी तो या सीझनला खाणार होता. खरं सांगतो, तोपर्यंत मला आतून वाटत होतं की विन्या कुठंतरी मासे पकडायला गेलाय, येईल रविवारी. त्या चिक्कीनं मला सांगितलं की तो येणार नाही.

मेधा आणि सई माझ्या मागे काठावर हात जोडून उभ्या. मी काठी फिरवली. माशी पाण्यावर अशी आपटली की आसपासचे मासे शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात निघून गेले असतील. परत फिरवली. काही नाही. मग मला आठवलं, कावळा येत नसेल तर शब्द द्यायचा असतो. मी मोठ्यानं म्हणालो, "विन्या, मेधाला आम्ही एकटं पडू देणार नाही." नदी आपली वाहतेय. "सईचं शिक्षण नीट पार पडेल." काही नाही. "तुझं घरामागचं अर्धवट राहिलेलं लाकडी डेक मी पुरं करीन."

"तुला खिळा ठोकता येत नाही," मागून मेधा म्हणाली.

काय चुकलं होतं माझं? एवढा पाण्यात गारठलोय, एवढी वचनं देतोय, आणि हा माणूस मेल्यावरही हट्टी. मला त्याचा राग आला, आणि रागाबरोबर रडू आलं. डोळे घट्ट मिटले, काठी जिवाच्या आकांतानं मागे नेऊन पुढे फेकली आणि ओरडलो, "बरं बाबा, मी येईन! दर स्प्रिंगला येईन, तू नसलास तरी तुझ्या शेजारी बसेन!"

आणि काठी वाकली.

दोरी टणकन ताणली गेली. मी ओरडलो, शिवला! शिवला! मागे मेधानं हंबरडा फोडला, इतक्या दिवसांचा साठलेला. मी जोर लावला. पण मासा काय जबरदस्त! मी पुढे ओढलं की तो मलाच मागे खेचायचा. दोनदा पुढे, दोनदा मागे, आणि मी पाण्यात फतकल मारून बसलो. वेडर्समध्ये नदी शिरली.

सई धावत आली. माझ्या मागे जाऊन वाकली. मग कानाशी अगदी हळू म्हणाली, "काका, डोन्ट मूव्ह. इट्स यू."

गळ माझ्या पाठीवर, वेडर्सच्या पट्ट्यात अडकला होता. मीच मला ओढत होतो.

काठावर मेधा हुंदके देत होती. आता काय करणार? मी सईला डोळ्यांनीच गप्प बसवलं, तिनं गळ सोडवला आणि मी उभा राहून जाहीर केलं, "सोडला गं! विन्यासारखाच परत सोडला!"

काठावर आल्यावर मेधानं टॉवेल दिला. माझे दात वाजत होते. ती म्हणाली, "मी तुझ्या पाठीमागेच उभी होते, सुहास. सगळं दिसलं मला."

"मग एवढी रडलीस कशाला?"

"दर वर्षी निघताना तो गाडीत बसून तुझ्या दाराकडे बघायचा. तू येतोयस का म्हणून. त्याला मासे कधी हवे होते?" मग मी खिशातून काढलेली ती ओली चिक्की तिनं घेतली, सईला थोडी दिली आणि उरलेली स्वतः खाल्ली.

शब्द दिला तो दिला. तेव्हापासून दर स्प्रिंगला मी त्या नदीवर जातो. मासा अजून एकही शिवलेला नाही, थंडी अजून सोसत नाही, आणि काठावर माझ्या शेजारची जागा रिकामी असते ती वेगळीच. पण न जाऊन करतो काय? विन्यानं आयुष्यभर जे जे गळाला लावलं, ते सगळं सोडून दिलं. नेमकं मलाच सोडलं नाही.