रेल्वेच्या भाड्याची बेरीज

आधी तिचं सांगते. मला सांभाळून घेतलं ते आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीनं. माझ्याच वयाची होती, आणि तिच्यावर जितकी जळले तितकी मी आयुष्यात दुसऱ्या कुणावर जळले नाही. दोन्ही खरं आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी पार विदर्भाच्या टोकाची, सिरोंच्याकडची, सातवीनंतर शाळा सुटलेली, नाशिकरोडला मावशीकडे राहत होते. स्टेशनाजवळ यात्रेकरूंच्या गटांची तिकिटं काढून देणारं एक ऑफिस होतं, तिथं काउंटरवर लागले. शेठनी नुसतं "इकडे ये" म्हटलं तरी वाटायचं, आता काढलंच. नोकरी गेली की मला परत पाठवणार आणि परत गेले की लग्न लावणार, हे घरात ठरलेलंच होतं.

मग शेठनी कॉम्प्युटर घेतला. मागच्या खोलीला काच बसवली, एसी लावला, आणि चपला बाहेर काढल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही असा नियम केला. त्यांच्या देवघरालाही एवढं सोवळं नव्हतं. तो चालवायला ही आली. कॉलेज रोडची, डिप्लोमावाली. वडील स्कूटरवरून सोडायचे, दुपारी घरचा गरम डबा यायचा. शेठ तिला "मॅडम" म्हणायचे, मला "ए पोरी". भर उन्हाळ्यात मी काउंटरवर ओढणीनं वारा घेत असायची आणि काचेपलीकडे ही स्वेटर घालून! त्या स्वेटरचासुद्धा मला राग यायचा.

गावाचं नाव टाकलं की पडद्यावर भाडं यावं, असा प्रोग्रॅम तिला करायचा होता. मला म्हणाली, "अगं, इथून मोठ्या गावांची भाडी आणून देशील?"

"कायले नाही!" मी म्हटलं. ती हसली. माझी बोली बाहेर पडली की लोक हसायचेच. तिचं हसणं वेगळं होतं का, ते मी तेव्हा पाहिलं नाही.

स्टेशनातल्या फलकावरून भुसावळपर्यंतची भाडी उतरवली. पुढचं विचारायला चौकशीच्या खिडकीशी गेले, तर आतल्या साहेबांनी एक-दोन गावं सांगितली आणि "बाई, मागं रांग बघा" म्हणून वाटेला लावलं. ऑफिसात भुसावळच्या एजंटानं पाठवलेला तिथून पुढच्या भाड्यांचा कागद होता. मग अडलं कुठं? इथून भुसावळ, त्यात भुसावळ ते काशी मिळवायचं. आमच्याकडे रेल्वे नव्हतीच, माहीत ती एसटी. टप्पे जोडत गेलं की भाडं होतं. वर मला वाटलं, खरं काम मीच केलं, ही नुसती बटणं दाबणार.

प्रोग्रॅम दाखवायला शेठनी चांदवडचे एक कांदेवाले काका बोलावले. ते गावातली माणसं काशीला न्यायचे. तिनं वाराणसी टाकलं, आकडा उमटला. काका वाकून बघत राहिले.

"आवं शेठ, मागल्या खेपेला एवढं नव्हतं बुवा. यंदा इमानात बसवून धाडता का काय?"

शेठचा चेहरा उतरला. "मॅडम, कॉम्प्युटर चुकतो?"

"आकडे मी आणले," मी दारातूनच म्हणाले. चपला पायात होत्या. "भुसावळपासून पुढचे जोडून घेतले."

काका खो खो हसले. "अगं माये, सलग तिकीट सस्तं पडतं! लांब जाल तसा मैलामागं दर उतरतो. तू आमाला मधी उतरवून परत चढवलं!"

शेठ हसले नाहीत. "ए पोरी, उद्यापासून येऊ नकोस."

तिनं टेबलावरचं रेल्वेचं वेळापत्रक उघडलं, मागची पानं चाळली. "शेठ, चूक माझी आहे. मी हिच्याकडे भाडी मागितली, मागायला हवी होती अंतरं. हा बघा किलोमीटरप्रमाणे भाड्याचा तक्ता. अंतरं जोडता येतात, भाडी नाही. उद्या दर वाढले तरी तक्ता तेवढा बदलायचा. पण हे सगळं माझ्या एकटीनं होणार नाही. मला हीच हवी."

"बरं मॅडम," शेठ म्हणाले. कॉम्प्युटर दुसऱ्या कुणाला सुरूसुद्धा करता येत नव्हता.

मला रडू आलं. त्यात सुटका होती, आणि जळणंही होतं. माझं खरं बोलणं दारातच राहिलं, तिचं एका दमात मान्य झालं. चूक अंगावर घ्यायलाही जवळ घर लागतं. तिला काढलं असतं तर स्कूटरवर बसून घरी गेली असती.

"चपला काढ आणि ये आत," ती म्हणाली. ती अंतरं वाचायची, मी टाकायची. माझी बोटं गारठली तेव्हा तिनं स्वेटर पुढे केला. मी नको म्हटलं. तेवढा ताठा उरला होता. काशीचं भाडं बरोबर आलं त्या दिवशी मात्र दोघी हसलो. नोकरी राहिली, टायपिंग आलं, मी नाशिकची झाले.

ती लग्न होऊन परगावी गेली. तिच्याबद्दल चांगलं बोलताना अजून आधी तो स्वेटरच आठवतो. कधी तिच्यावर कुणी असं बोट दाखवलं, तर मी सगळ्यांदेखत तिच्या बाजूनं बोलेन. तशी वेळ तिच्यावर न येवो. नाहीच आली तर दुसरं काही शोधीन, पण तिचं हे ऋण फेडीन.